बंदूक कुणाच्या नावावर? ट्रस्ट, शस्त्र परवाना आणि आपला इतिहास



मराठवाड्यात कुठेही अत्याचाराची बातमी आली की चार दिवसांत एक सूचना हमखास फिरू लागते. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, हिंगोली या पाचही तालुक्यांत काम करताना आम्ही ती तरुणांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. सूचना अशी: समाजाचा एक ट्रस्ट काढायचा, ट्रस्टच्या नावावर रीतसर परवाना घ्यायचा आणि बंदुका ट्रस्टच्या मालकीच्या ठेवायच्या. ज्या वस्तीला धोका असेल तिथे त्या पाठवायच्या. एकट्या माणसाला परवाना मिळत नाही. मिळाला तर बंदूक परवडत नाही. आणि तो माणूस उद्या विरोधकांना जाऊन मिळाला तर बंदूकही गेली. ट्रस्ट मात्र मरत नाही आणि फुटतही नाही, असे हे तरुण म्हणतात.

ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला 'भावनिक' म्हणून झटकणाऱ्या शहाण्यांच्या पत्र्यावर रात्री कधी दगड पडलेले नसतात. म्हणून आम्ही तिचा नीट विचार केला. कायदा वाचला आणि इतिहासही पाहिला. आमचे म्हणणे आधीच सांगतो. शस्त्रांच्या इतिहासात खरा प्रश्न बंदूक कुणाच्या हातात होती हा नसून ती कुणाच्या नावावर होती हा आहे. आपल्या हातात बंदूक अनेकदा आली, पण मालकी नेहमी दुसऱ्याची राहिली. ट्रस्टच्या नावावर बंदूक घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही. ट्रस्ट हवाच, पण वेगळ्या कामासाठी.

ही कल्पना आली कुठून?

शस्त्रांसाठी ट्रस्ट ही गोष्ट अमेरिकेत खरोखर आहे. तिथे १९३४ साली राष्ट्रीय बंदूक कायदा झाला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका, आवाज दाबणारे सायलेन्सर अशा वस्तूंची नोंदणी आणि २०० डॉलरचा कर या कायद्याने लागू केला. अशी वस्तू एका व्यक्तीच्या नावावर नोंदली तर ती त्याच व्यक्तीने बाळगायची. तिच्या गैरहजेरीत बायकोमुलांनी ती हाताळली तरी गुन्हा होऊ शकतो. यावर वकिलांनी तोड काढली ती ट्रस्टची. वस्तू ट्रस्टच्या नावावर असली तर सगळे विश्वस्त ती वापरू शकतात आणि एक विश्वस्त मेला तरी मालकी ट्रस्टकडेच राहते. आणखी एक सोय होती. व्यक्तीला स्थानिक पोलीस प्रमुखाची सही आणावी लागे, ट्रस्टला लागत नसे. २०१६ पासून ही पळवाट बंद झाली. आता ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार माणसाला बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. बंदूक बाळगणे हा जिथे घटनात्मक हक्क मानतात, त्या देशातही सरकारने ट्रस्टच्या मागचा माणूस शोधून काढलाच.

पण अमेरिकेची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आपल्या कामाचा भाग पुढे आहे. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ साली, मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्या माणसांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास बंदी केली. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो त्याच्याकडे 'पुरेसे कारण' नव्हते! त्याच दशकात नॉर्थ कॅरोलायनातील मनरो गावी रॉबर्ट विल्यम्स यांनी राष्ट्रीय रायफल असोसिएशनची स्थानिक शाखा रीतसर मंजूर करून घेतली आणि त्या नावाखाली काळ्या वस्तीचे रक्षकदल उभे केले. १९६४ साली लुइझियानातील जोन्सबरो येथे 'डीकन्स फॉर डिफेन्स' ही संघटना उभी राहिली. संघटनेच्या आडोशाने वस्तीचे रक्षण करायचे, हीच तिची कल्पना. पुढे १९६७ साली ब्लॅक पँथरचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेले. तोवर कायद्याने चालणारी ती गोष्ट काही आठवड्यांत बेकायदा ठरली. गव्हर्नर रेगन यांनी त्या कायद्यावर सही केली.

कायदा तोच असतो, पण शस्त्र धरणारा हात बदलला की त्याचा अर्थ बदलतो. हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायची गरज नाही.

हातात बंदूक, मालकी दुसऱ्याची

शिवकाळात किल्ल्यांच्या घेऱ्याची राखण महार, रामोशी, बेरड, कोळी करीत. गावगाड्यात वेस राखणे, सरकारी वसूल तालुक्याला पोचवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे ही वतनी कामे महाराकडे होती. म्हणजे गावाचा पैसा आणि गावाची सीमा ज्याच्या भरवशावर, त्याच्या हातात काठी. ती काठीदेखील गावकीच्या चाकरीची खूण होती. स्वतःच्या घराच्या रक्षणासाठी ती उगारली तर ती बंडखोरी ठरे.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. तिथल्या स्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. हा शौर्याचा पुरावा आहेच. बाबासाहेब १९२७ साली तिथे गेले ते याच पुराव्याला मानवंदना द्यायला. पण त्या सैनिकांच्या हातातल्या बंदुका कंपनी सरकारच्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत काढला आणि महारांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या लष्करात असलेल्या घरांकडे उरली ती पेन्शनची कागदपत्रे आणि आठवणी. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारला विनंतीअर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. दोघांची मागणी तीच: आम्हाला पुन्हा सैन्यात घ्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

या इतिहासाला दुसरी बाजू आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे बंद केले, युरोपियनांना मात्र सूट दिली. काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी या भेदभावाविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. त्यात गैर काही नव्हते. पण गोऱ्याला बंदूक मिळते आणि आम्हाला मिळत नाही म्हणून चिडलेल्या त्या पुढाऱ्यांच्या स्वतःच्या गावात महारवाड्याला काठीपलीकडे काय मिळत होते, हा प्रश्न त्या ठरावांत आला नाही.

तो प्रश्न बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात विचारला. त्यांची मांडणी अशी की युरोपातला दुबळा माणूस लष्करी सेवा, राजकीय हक्क आणि शिक्षण या तीन साधनांच्या जोरावर बलिष्ठांशी झगडू शकला. चातुर्वर्ण्याने ही तिन्ही साधने इथल्या बहुसंख्यांकडून काढून घेतली आणि म्हणून इथे सामाजिक क्रांती झाली नाही. बाबासाहेब शस्त्राचा प्रश्न टाळत नाहीत. पण ते शस्त्राला एकटे ठेवत नाहीत, मत आणि शिक्षण यांच्या शेजारी ठेवतात. तीनपैकी एकच उचलून पळणाऱ्याला त्यांचा विचार समजला असे म्हणता येणार नाही.

निजामी मुलखाचा धडा

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचा मोठा काळ हा निजामी मुलूख. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ही फौज निजामाच्या खर्चाने चाले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात असे. तिच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. १९०३ साली फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. खर्च एकाचा, हुकूम दुसऱ्याचा आणि बंदूक तिसऱ्याच्या खांद्यावर. छावणीबाहेर गावोगाव जहागीरदार आणि देशमुख यांचा अंमल होता. एकोणिसाव्या शतकात सावकारीची वसुली अरब आणि रोहिल्यांच्या हत्यारांवर चाले. या मुलखात शस्त्र म्हणजे वसुली, हे समीकरण आमच्या आजोबा-पणजोबांच्या पाठीवर लिहिलेले आहे.

१९४७-४८ साली रझाकार आले. परवाना नाही, गणवेश आहे, आणि मागे राजसत्तेची मूक संमती. हैदराबादमधील दलित पुढाऱ्यांचा एक गटही तेव्हा निजामाच्या बाजूला उभा होता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच निवेदन काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावले होते की निजामाची बाजू घेऊन समाजाला बट्टा लावू नका. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, पाच दिवसांत राज्य पडले. मग सूड सुरू झाला. पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले की उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वांत भयंकर अत्याचार झाले. मरणारे बहुतांश साधे लोक होते, रझाकारांचे सेनापती नव्हते.

मराठवाड्याने शंभर वर्षांत शिकवलेली गोष्ट ही आहे. कायद्याबाहेरचे शस्त्र आधी बलवानाच्या कामी येते, आणि तो पळून गेल्यावर त्याची किंमत दुबळा मोजतो. आज आपण उभी केलेली सशस्त्र संस्था उद्या कुणाच्या हातात जाईल याची खात्री कोण देणार? आपल्याकडे समाजमंदिराच्या कमिटीवरून दोन गट पडतात, जयंतीच्या वर्गणीवरून धर्मादाय कार्यालयात तक्रारी जातात. त्या कमिटीच्या कपाटात बंदूक असली तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने आपल्या गावापुरता करून पाहावा.

महाडला काय घडले?

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले आणि मंदिरात शिरण्याची अफवा उठवून सवर्णांच्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. आपल्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले अनेक जण होते. लढाया पाहिलेली, शिस्तीची माणसे. मनात आणले असते तर त्या दिवशी महाडचा रंग वेगळा दिसला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यानंतर त्यांनी काय केले हे आपण नेहमी सांगत नाही. फिर्यादी झाल्या, साक्षी उभ्या राहिल्या आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या. तळ्याचा दावा दहा वर्षे लढवला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला.

याला कुणी मवाळपणा म्हणेल. आमच्या मते ती ताकद होती. लढू शकणाऱ्या माणसाने कागद उचलला की समोरचा जास्त घाबरतो. समता सैनिक दल त्याच काळातले. त्याच्याकडे शिस्त, गणवेश आणि संख्या होती, त्याच्या नावावर बंदुका नव्हत्या.

काही जण इथे धम्माचा दाखला देतात: पंचशीलातले पहिले शील घेतलेल्याने शस्त्राचा विचारही करू नये. बाबासाहेबांची मांडणी इतकी सोपी नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे समजावतात. म्हणजे जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार धम्माच्या विरोधात नाही. पण शस्त्रांचा साठा हीच ज्या संस्थेची मालमत्ता, तिला या फरकाचा आधार घेता येणार नाही. विजयादशमीला नागपुरात संघ शस्त्रपूजन करतो. त्याच शहरात, १९५६ च्या विजयादशमीला, १४ ऑक्टोबर रोजी, बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला. आपण कोणत्या विजयादशमीचे वारसदार आहोत हे आपल्याला ठाऊक आहे.

शेजारच्या नांदेडचे उदाहरण

तरुण आणखी एक उदाहरण देतात, नांदेडच्या हुजूर साहिबचे. तिथे गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे पूज्य वारसा म्हणून जपलेली आहेत आणि संस्थेचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे आहे. मग संस्थेकडे शस्त्रे असू शकतात की! शीख समाजाशी आमच्या जिल्ह्याचे नातेही जुने आहे. आमच्या नर्सीच्या नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

पण हे उदाहरण नीट पाहा. तिथली शस्त्रे हा इतिहासाचा ठेवा आहे, वस्तीत वाटायचा साठा नाही. आणि कृपाण बाळगण्याचा हक्क मंडळाच्या परवान्यातून येत नाही. तो संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातून प्रत्येक शिखाला व्यक्ती म्हणून मिळतो. म्हणजे त्या समाजाने हक्क मिळवला तो थेट संविधानात. ट्रस्टच्या आडोशाला तो गेला नाही.

कायदा काय म्हणतो?

आता मुद्द्यावर येऊ. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या चार गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात.

पहिली, कलम १३. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंच वा अधिक लांब नळीची साधी बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना देण्याचीच भाषा कायद्यात आहे. इतर शस्त्रांसाठी 'योग्य कारण' दाखवावे लागते. दुसरी, कलम १४. सार्वजनिक शांततेसाठी वगैरे परवाना नाकारता येतो, पण अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही. नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येते. भूमिहीनाच्या अर्जावर तोंडी 'तुला कशाला बंदूक?' म्हणणारा बाबू कायदा मोडत असतो.

तिसरी, कलम ३. स्वतःचा परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या हजेरीत किंवा त्याच्या लेखी परवानगीने बंदूक वाहू शकतो, पण ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या मालकाच्याच वापरासाठी. वाचा पुन्हा. मालकाची बंदूक नोकराने वाहायला कायद्याची हरकत नाही! आपला सगळा इतिहास या एका सवलतीत मावतो.

चौथी, वारसा. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका अशी मर्यादा घातली, पण वाड्यातली बंदूक वाड्यातच राहण्याची वाट खुली आहे. ज्या घरात कधी परवाना नव्हता त्या घराला मात्र पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. कारण, पोलीस अहवाल, प्रशिक्षण, खर्च. जमीन जशी वारशाने चालते तसेच हे.

आता ट्रस्ट. खासगी ट्रस्ट १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली होतो. त्याचे कलम ८ सांगते की ट्रस्टची मालमत्ता लाभार्थ्याला हस्तांतरित करता येण्याजोगी हवी. शस्त्र कायदा तर विनापरवाना माणसाला बंदूक हस्तांतरित करूच देत नाही. वस्ती लाभार्थी आणि बंदूक मालमत्ता, हे गणित इथेच तुटते. सार्वजनिक न्यास करायचा तर तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागेल. गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकोपयोगी काम असे धर्मादाय हेतू तो कायदा मानतो. बंदुका बाळगणे हा हेतू त्यात बसवायला कोणता वकील धजावेल? बँका किंवा रायफल क्लब अशा संस्थांकडे शस्त्रे असतात, पण ती ठराविक कामापुरती. रायफल क्लबची बंदूक निशाणा मारायला असते, गावोगाव फिरवायला नसते.

आणि समजा एखाद्याने पळवाट काढलीच. भीमा कोरेगावच्या २०१८ च्या प्रकरणानंतर लेखक, वकील, प्राध्यापक यांना यूएपीएखाली वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले गेले. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. जिथे कायद्याचे पुस्तक वाचणाऱ्या पोराचा जीव जातो, तिथे 'दलितांचा सशस्त्र ट्रस्ट' या शब्दांचे व्यवस्था काय करील? आपल्या पोरांना आपल्याच हाताने त्या यंत्रात घालायचे का?

आपल्याला कशाने मारले जाते?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. वस्त्या जळाल्या त्या रॉकेल आणि काडीपेटीने. त्यानंतर बहिष्कार आला: पिठाची गिरणी बंद, दुकान बंद, मजुरी बंद. २००६ साली खैरलांजीत गावच उलटले. या घटनांत मारेकऱ्यांचे मुख्य हत्यार बंदूक नव्हती. त्यांचे हत्यार होते संख्या, जमीन, आणि आपल्याला काही होणार नाही ही खात्री.

ती खात्री बंदुकीने मोडत नाही. ती शिक्षेने मोडते. मॅक्स वेबरने राज्यसंस्थेची ओळख सांगितली ती वैध बळाची मक्तेदारी अशी. आमच्या गावांत ही मक्तेदारी अर्धी राज्याकडे आणि अर्धी जातीकडे आहे. आपले काम जातीकडची अर्धी काढून घेण्याचे आहे. तिसरा वाटेकरी होऊन ते साधणार नाही.

मग ट्रस्ट कशासाठी?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम काढा. नियम ३ वाचा. जिथे अत्याचाराची शक्यता आहे ते क्षेत्र सरकारने निश्चित करायचे. गरज वाटल्यास त्या क्षेत्रातील बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांचे, त्यांच्या नातेवाइकांचे आणि नोकरांचेही शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने द्यायचे. तीस वर्षे झाली, हे सगळे कायद्याच्या पुस्तकात आहे.

अधिकारी म्हणतील, शस्त्रे जमा करणे अवघड असते. खोटे! प्रत्येक निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांच्या शस्त्रांची छाननी होते आणि जमा करण्याचे आदेश निघतात. मतपेटीसाठी जे काही दिवसांत होते ते माणसाच्या जिवासाठी का होत नाही? यंत्रणा आहे, यादी आहे, शस्त्रागार आहे. मागणी करणारी संघटित संस्था नाही.

ती संस्था म्हणजे आपला ट्रस्ट. त्याच्या कामाची यादी अशी असावी.

एक, माहिती अधिकारात दहा रुपयांचे तिकीट लावून जिल्ह्यात तालुकावार किती परवाने आहेत आणि नियम ३ खाली कोणती गावे निश्चित केली आहेत, हे विचारायचे. उत्तर 'एकही नाही' असे आले तरी तो पुरावाच आहे.

दोन, नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची तीन महिन्यांतून एकदा बैठक व्हायला हवी. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त मागायचे आणि धोक्यातल्या गावांची यादी आपण लेखी द्यायची.

तीन, अत्याचाराच्या गुन्ह्यातील आरोपीकडे परवाना असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाकायचा.

चार, ज्या साक्षीदाराला किंवा कुटुंबाला खरा धोका आहे त्याच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. नाकारला तर लेखी कारणे घ्यायची आणि अपील करायचे. परवाना व्यक्तीचा असेल, लढाई मात्र संस्थेची. फी, वकील, पाठपुरावा संस्थेने पाहायचा.

पाच, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ ने पीडितांना स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेण्याचा हक्क दिला आहे. साक्षीदारांचा प्रवास, निवारा, तपास साठ दिवसांत पूर्ण होतो की नाही यावर लक्ष, हे सगळे या कलमाच्या आधाराने ट्रस्टला करता येते.

सहा, हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. पोलीस भरतीत अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. मुलामुलींसाठी पहाटेचे मैदान आणि संध्याकाळची अभ्यासिका चालवा. १८९४ आणि १९१० चे अर्ज ज्या दारासाठी लिहिले गेले ते दार आज उघडे आहे. तिथली बंदूक प्रजासत्ताकाच्या नावावर असते, आणि प्रजासत्ताकात आपण कुणाचे नोकर नाही, मालक आहोत.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९५० साली तिचे महाविद्यालय औरंगाबादला आले आणि निजामी मुलखातल्या पोरांना पदवी मिळू लागली. हाही संस्थेच्या नावावर ठेवलेला साठाच होता. तो कुणी जप्त करू शकले नाही.

तरुणांना आमची विनंती आहे. ट्रस्ट काढाच. सात माणसे, एक घटना, एक बँक खाते आणि धर्मादाय कार्यालयातील नोंद. पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात पहिला ठराव लिहा: नियम ३ ची अंमलबजावणी मागण्याबाबत. आणि त्याच दिवशी त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घ्या.

जय भीम. जय संविधान.